शून्य आणि शांतता : लॉग पाइपलाइनवर पहारा ठेवणारे ‘हार्टबीट’ संदेश

जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेने २७ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच अवधीत कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या मोठ्या शहराचा पाऊस दोन ठिकाणी मोजून भागत नाही, हा धडा त्या दिवसाने दिला. त्यानंतर मुंबई महापालिकेने शहर व उपनगरांत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले आणि दर १५ मिनिटांनी पावसाचे आकडे नियंत्रण कक्षाला मिळू लागले. अशा व्यवस्थेत एक प्रश्न मूलभूत ठरतो. अंधेरीच्या मापकाने ‘शून्य’ कळवले, तर तेथे पाऊस नाही असे समजता येते. पण त्याने काहीच कळवले नाही तर? पाऊस थांबला आहे, वीज गेली आहे, की संपर्क तुटला आहे? शून्य ही माहिती असते. शांतता ही माहिती नसते.

नेमका हाच पेच संगणकांच्या नोंदी, म्हणजे ‘लॉग’, गोळा करणाऱ्या यंत्रणांपुढे उभा असतो. त्यावरचा जुना आणि साधा उपाय म्हणजे ‘हार्टबीट’ संदेश.

लॉग पाइपलाइन म्हणजे काय?

बँक, रुग्णालय किंवा शेअर दलालाची पेढी यांचे सर्व्हर प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतात : कोणी प्रवेश केला, कोणता व्यवहार फसला, कोणती सेवा बंद पडली. प्रत्येक सर्व्हरवरील एक छोटा प्रोग्रॅम (‘एजंट’) या नोंदी उचलतो. त्या ‘काफ्का’सारख्या रांगेत जमा होतात, ‘लॉगस्टॅश’सारख्या प्रक्रियकातून सुसूत्र होतात, ‘इलॅस्टिकसर्च’सारख्या साठ्यात जातात आणि अखेर पडद्यावरील आलेखांत दिसतात. या साखळीला लॉग पाइपलाइन म्हणतात.

साखळीची कोणतीही कडी तुटू शकते. डिस्क भरते, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपते, रांग तुंबते. अशा वेळी पडदा काळा पडत नाही, हाच खरा धोका आहे. ‘गेल्या तासातील चुका : ०’ असा हिरवा आकडा दिसत राहतो, कारण चुकांच्या नोंदी पोहोचतच नाहीत. चुका मोजून इशारा देणारी व्यवस्था, चुका सांगणारी वाटच बंद झाली की मुकी होते.

भारतात या प्रश्नाला कायदेशीर बाजूही आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी १८० दिवसांचे लॉग जपणे आणि निर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. तीन आठवड्यांपूर्वी बंद पडलेला एजंट आज लक्षात आला, तर मधल्या नोंदी बहुधा कायमच्या गेलेल्या असतात. घुसखोरी झाली होती की नाही, हे सांगणारा पुरावाच उरत नाही.

उपायाचे स्वरूप

ठरावीक अंतराने ‘मी आहे’ एवढेच सांगणारा संदेश म्हणजे हार्टबीट. ही कल्पना नवी नाही. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कली विद्यापीठात घडवलेल्या ‘सिसलॉग’च्या परंपरेत दर २० मिनिटांनी लॉगमध्ये ‘मार्क’ असा शिक्का उमटवण्याची पद्धत रुजली. काहीही घडले नसले तरी तो शिक्का उमटे. त्यामुळे रिकामी रात्र आणि बंद यंत्र यांतील फरक कळे.

मुंबईकरांच्या रोजच्या प्रवासातही हे तत्त्व काम करते. लोकलच्या मोटरमनला ‘डेडमन हँडल’ दाबून धरावे लागते. हात सुटला की आपत्कालीन ब्रेक लागतात. मोटरमनला भोवळ आली, तर त्याने ती कळवावी अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. संकेत थांबणे हाच तेथे इशारा असतो.

संदेश कोठून निघावा?

मांडणीतील पहिला निर्णय हाच, आणि चूकही बहुधा येथेच होते. लॉगस्टॅशमध्ये हार्टबीट निर्माण करणारा तयार ‘इनपुट’ आहे. त्याचे मूळ अंतर ६० सेकंदांचे असून संदेशाचा मजकूर नुसता ‘ओके’ असतो. त्याऐवजी वेळ किंवा चढता क्रमांक पाठवण्याचीही सोय आहे. मात्र हा संदेश लॉगस्टॅशमध्येच जन्मतो. त्यामुळे तो तेथून पुढच्या वाटेची हमी देतो, मागच्या नव्हे. मुलुंडच्या कार्यालयातील सर्व्हरवरचा एजंट मेला, तरी मध्यवर्ती लॉगस्टॅशचे ठोके नियमित पडत राहतील.

म्हणून संदेश साखळीच्या अगदी आरंभी, प्रत्येक सर्व्हरवर निर्माण करणे इष्ट. त्यातही एजंटने स्वतः ठोका पाठवण्यापेक्षा, एजंट वाचत असलेल्या लॉग-फाइलमध्येच दर मिनिटाला एक ओळ लिहिणे अधिक खात्रीचे. फाइलचे नाव बदलले किंवा वाचण्याची परवानगी गेली, तर तेही त्यामुळे उघड होते. (‘इलॅस्टिक’ कंपनीचे ‘हार्टबीट’ नावाचे स्वतंत्र साधनही आहे. ते संकेतस्थळे आणि सेवा चालू आहेत की नाहीत हे बाहेरून तपासते. दोहोंत गल्लत करू नये.)

संदेशात काय असावे?

तीन गोष्टी पुरतात : यंत्राचे नाव, संदेश निघाल्याची वेळ आणि चढता क्रमांक. निघाल्याची आणि साठ्यात पोहोचल्याची वेळ यांतील फरक म्हणजे पाइपलाइनचा विलंब. क्रमांक सलग असून विलंब वाढला असेल, तर रांग तुंबली आहे, पण नोंदी सुरक्षित आहेत. मधले क्रमांक गायब असतील, तर नोंदी हरवल्या आहेत. तोच क्रमांक दोनदा आला, तर नोंदी दुबार येत आहेत.

यापलीकडे संदेशात काही भरू नये. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष ‘ओपनएसएसएल’मधील हार्टबीट सुविधेतच होता. समोरच्याने सांगितलेली लांबी न पडताळता उत्तर दिले जाई आणि त्यासोबत सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते बाहेर जात.

किती वेळ वाट पाहावी?

दर मिनिटाला एक याप्रमाणे एका यंत्राचे दिवसाला १,४४० संदेश होतात; २०० यंत्रांचे २ लाख ८८ हजार. मोठ्या पाइपलाइनला हा भार किरकोळ असतो. एक ठोका चुकताच इशारा दिला, तर जाळ्यातील क्षणिक अडथळ्यांनी रात्रपाळीचा अभियंता हैराण होतो आणि पुढे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. सलग तीन ठोके चुकणे आणि त्यात नेहमीचा विलंब मिळवणे, हा व्यवहार्य आरंभ होय. नेहमीचा विलंब एक मिनिट असेल, तर चार मिनिटांनी इशारा मिळतो.

ताजेपणा मोजताना संदेश पोहोचल्याची नव्हे, निघाल्याची वेळ धरावी. तुंबलेली रांग मोकळी होत असताना तासाभरापूर्वीचे संदेशही ‘आत्ताच’ पोहोचतात आणि सारे आलबेल असल्याचा भास होतो.

येथे भारतीय वेळेचा एक सापळा आहे. प्रमाण जागतिक वेळेपेक्षा आपली वेळ साडेपाच तास पुढे असते. दुपारी अडीचचा भारतीय शिक्का प्रक्रियकाने जागतिक वेळ म्हणून वाचला, तर तो रात्री आठचा समजला जातो. संदेशाचे वय मग उणे येते. त्या क्षणी यंत्र बंद पडले, तरी रात्री आठ वाजून मर्यादा उलटेपर्यंत इशारा येत नाही. त्यामुळे शिक्क्यात ‘+०५:३०’ हा उल्लेख हवा आणि भविष्यातील वेळ दाखवणाऱ्या संदेशावरही इशारा हवा.

हजेरीपट आणि पहारेकरी

साठ्यात आलेल्या संदेशांची यंत्रनिहाय मोजणी करून गैरहजर यंत्र सापडत नाही. जे आलेच नाही, ते यादीत दिसणार कसे? शाळेत गैरहजर मुलगा ‘मी नाही’ असे सांगत नाही. गुरुजी हजेरीपटावरून नावे पुकारतात, तेव्हाच तो कळतो. म्हणून अपेक्षित यंत्रांची यादी पाइपलाइनबाहेर ठेवावी आणि नवे यंत्र जोडताना व जुने काढताना ती अद्ययावत करावी.

तपासणी करणारा प्रोग्रॅमही त्याच पाइपलाइनवर विसंबून नसावा. शिवाय तो स्वतः बंद पडला तर? ‘प्रोमिथियस’ या देखरेख-प्रणालीच्या वापरात यासाठी ‘वॉचडॉग’ नावाचा, सदैव वाजत राहणारा इशारा ठेवण्याची पद्धत आहे. तो बाहेरच्या स्वतंत्र सेवेकडे जात राहतो आणि थांबला की ती सेवा अभियंत्याला उठवते. डेडमन हँडलचेच हे रूप.

हार्टबीट संदेशांवर वेगळी खूण करून त्यांना आकडेवारीतून वगळावे, पण शेवटच्या टप्प्यापर्यंत त्यांना खऱ्या नोंदींच्याच वाटेने येऊ द्यावे. वेगळ्या वाटेने आलेला ठोका मुख्य वाटेची ग्वाही देत नाही.

मर्यादा

हार्टबीट वाट चालू असल्याचे सांगतो. वाटेवरून योग्य माल जात असल्याचे नाही. अनुप्रयोगाने नोंदी लिहिणेच थांबवले किंवा त्यांचा साचा बदलला, तरी ठोके नियमित पडतील. म्हणून नोंदींच्या नेहमीच्या संख्येशी तुलना हा दुसरा पहारा जोडीला हवा. देखभालीसाठी इशारे थांबवायचे झाल्यास ते ठरावीक मुदतीपुरतेच थांबवावेत. मुदत न घातलेली स्थगिती विसरली जाते.

आणि शेवटी, ही मांडणी कामाची आहे की नाही हे जाणण्याचा मार्ग एकच. महिन्यातून एकदा, पूर्वसूचना न देता, एखाद्या यंत्रावरील एजंट मुद्दाम बंद करावा आणि घड्याळ पाहावे. चार मिनिटांत इशारा आला नाही, तर त्या पडद्यावरच्या हिरव्या शून्यावर त्या दिवसापुरता विश्वास ठेवू नये.