मोहरमचे चोंगे
करमाळ्यात मोहरमला आम्ही गव्हाच्या पिठाचे गोड चोंगे करतो. अर्धा किलो पिठाला पाव किलो गूळ घ्या. तो कोमट पाण्यात विरघळवून गाळायचाच, खडे निघतात. पिठात तुपाचं मोहन, बडीशेप, वेलची घालून त्याच पाण्यात घट्ट मळायचं. कणीक सैल झाली की नक्षी उठत नाही, आणि नक्षीशिवाय तो चोंगा कसला! जाडसर लाटून, खसखस लावून साच्यावर दाबा. साचा नसेल तर धुतलेल्या टोपलीच्या पाठीवर. मंद आचेवरच तळा, नाहीतर गूळ करपतो आणि आत कच्चं राहतं. नवसाचे चोंगे आमच्याकडे हिंदू शेजारीही करतात. साचे मात्र बऱ्याच घरांत माळ्यावर गेलेत. यंदा ते खाली काढा, लेकीसुनांच्या हाती द्या.