हाताला शिकविणारे गुरु

ज्यांच्या मुलाच्या बुद्धीची वाढ मंद राहिली, त्या आईबापांना मुलगा वयानें मोठा झाला कीं एकच चिंता जाळीत असते : आमच्यामागें याला आंघोळ कोण घालील, जेवूं कोण घालील? या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्या तीन गुरूंची कथा आज सांगावयाची आहे.

इ. स. १८०० मध्यें फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत रानांत हिंडणारा सुमारें बारा वर्षांचा एक मुका मुलगा लोकांच्या हातीं लागला. त्याचें नांव पुढें व्हिक्टर ठेविलें. पॅरिसच्या डॉक्टर इतार यांनीं त्याला पांच वर्षें शिकविलें. तरीहि त्याला बोलतां आलें नाहीं. परंतु इतारांच्या १८०६ च्या अहवालांत एक प्रसंग आहे. व्हिक्टरला सांभाळणाऱ्या मादाम गेरँ यांचे पति वारले. जेवणाचीं ताटें मांडणें हें व्हिक्टरचें रोजचें काम. त्यानें नेहमींप्रमाणें त्यांचेंहि ताट मांडलें. बाईंचा शोक अनावर झालेला पाहतांच तें त्यानें खिन्नपणें उचललें आणि पुन्हां कधीं मांडलें नाहीं. ज्याला शब्द आले नाहींत, त्याला दुसऱ्याचें दुःख कळलें होतें.

इतारांचे शिष्य सेगँ. आधीं स्नायु, मग इंद्रियें, मग बुद्धि, असा शिक्षणाचा क्रम त्यांनीं लाविला. त्यांचा मुख्य फ्रेंच ग्रंथ १८४६ चा. या दोघांचे ग्रंथ अभ्यासूनच माँटेसरीबाईंनीं आपली पद्धति उभारली. बालमंदिरांतील गुंड्या लावण्याची चौकट आपणांस परिचित आहेच.

परंतु प्रौढांना आतां कांहीं यावयाचें नाहीं, ही समजूत कायम राहिली. तिला अमेरिकेंतील मार्क गोल्ड यांनीं धक्का दिला. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत अशा लोकांनीं १५ भागांचा सायकलचा ब्रेक जोडून दाखविला. युक्ति साधी होती : कामाच्या बारीक पायऱ्या पाडावयाच्या, आणि भागाची वर यावयाची बाजू तांबड्या रंगानें रंगवावयाची. शिकणारा अडला, तर शिकविणाऱ्यानें दुसरी वाट शोधावी, असें ते म्हणत.

हें घरींहि साधतें. सदऱ्याच्या पुढल्या बाजूस आंतून तांबड्या दोऱ्याचा टांका घाला. गुंड्या लावावयाच्या असतील तर इतर सर्व आपण लावून शेवटची तेवढी त्याच्याकडे सोपवा. ती जमली, कीं शेवटच्या दोन. काम पुरें केल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं त्याचा होतो.

मी पस्तीस वर्षें मास्तरकी केली. मुलगा चुकला कीं माझी छडी त्याच्या हातावर पडे. पुष्कळदां मींच मधली एखादी पायरी गाळलेली असे, हें मला या गुरूंची कथा वाचल्यावर, उशिरा कळलें. आपल्या घरांतील मोठ्या मुलाला एखादें काम येत नसेल, तर तें त्याला येणार नाहीं असें ठरविण्यापूर्वीं त्याच्या पायऱ्या एकदां पुन्हां मोजून पाहाव्यात, एवढीच विनंति.