सरावाच्या विमानासाठी वर्गणी कोण देणार?

माझा पीएच.डी.चा विषय ऐकला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बुलढाणा जिल्ह्यात बसून विमानांवर संशोधन?" प्रश्न रास्त आहे. माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रातली, धातू का गंजतात हा तेव्हाचा अभ्यास. तिथून गाडी वळली ती जुन्या यंत्रांच्या जतनाकडे. पण या विषयात शिरल्यावर लक्षात येतं की गंजापेक्षा मोठा प्रश्न पैशाचा आहे. मोडकं लष्करी विमान दुरुस्त करायला लोक पैसे का देतात, आणि त्यातही सरावाच्या विमानाला का देत नाहीत? आज त्याबद्दल लिहितो.

आपल्या वऱ्हाडापासून सुरुवात

बुलढाणा म्हणजे वऱ्हाड, आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा. १८५३ च्या तहाने इथला कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर त्यांनी हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला. खामगावच्या बाजारात कापूस विकून शेतकरी सारा भरायचा, सारा इंग्रजांकडे जायचा आणि ठरलेली रक्कम निजामाच्या नावे निघायची.

आता १९१८ सालात या. पहिलं महायुद्ध चालू आहे. निजामाने दिलेल्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमानं मिळतात. विमानाच्या अंगावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं. तिजोरीत पडलेला रुपया कुठल्या गावचा हे रुपयावर लिहिलेलं नसतं. पण आपल्या मुलखाचा पैसा आणि विमान यांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे, एवढं नक्की.

या तुकडीतलं एफ-१०१० क्रमांकाचं विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. ते बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला पोहोचलं आणि पुढे क्राकूवमध्ये पंखांविना पडून राहिलं. १९७७ मध्ये लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने त्याच्या बदल्यात चक्क एक स्पिटफायर दिलं, एफ-१०१० परत आणलं आणि नवे पंख बनवून उभं केलं. आजही ते तिथे आहे.

दुसरं उदाहरण बिकानेरचं. महायुद्धानंतर ब्रिटनने हिंदुस्थानला १०० विमानं भेट दिली: ६० डीएच-९ बॉम्बफेकी आणि ४० अ‍ॅव्रो ५०४. बिकानेरच्या राजवाड्यात, हत्तींच्या जुन्या तबेल्यात, डीएच-९ चे सांगाडे वाळवी लागलेल्या अवस्थेत सापडले. ते इंग्लंडला नेले गेले. त्यातलं एक डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, आणि दुसरं २०१९ मध्ये पुन्हा आकाशात उडालं.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ही दोन्ही विमानं बॉम्बफेकी आहेत. भेटीतली ती ४० अ‍ॅव्रो सरावाची होती. त्यांची आठवण कोण काढतं?

घाटग्यांचं विमान

सरावाच्या विमानाचं नशीबच तसं असतं. नवशिका वैमानिक ते दाणकन उतरवतो, चाक मोडतो, पंख घासतो. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावतात. सेवा संपली की पराक्रमाची एकही गोष्ट त्याच्या नावावर नसते, मग ते भंगारात जातं.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे एचटी-२. स्वतंत्र भारतात आराखड्यापासून तयार झालेलं हे पहिलं इंजिनाचं विमान, आणि त्याचे मुख्य रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीत ग्यॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. ज्यांना हवेच्या प्रवाहाचं शास्त्र शिकायचंय त्यांच्यासाठी प्रांटल म्हणजे त्या शास्त्राचा पायाच. परत आल्यावर घाटगे बंगळुरूत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवत होते आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानं आखत होते. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ पहिल्यांदा उडालं. दोन माणसं बसणारं, धातूचं, पंख खालच्या बाजूला, १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. अशी सुमारे १७० विमानं बनली, त्यातली काही घानालाही गेली.

जवळजवळ तीन दशकं वायुसेनेचे कॅडेट या विमानात शिकले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचा इतिहास लिहिताना आपण नॅट, हंटर, कॅनबेरा यांची नावं घेतो. त्या वैमानिकांतल्या कितीतरी जणांना जमीन सोडायला कुणी शिकवलं, हा प्रश्न राहून जातो. आज एचटी-२ बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात बघायला मिळतं. घाटग्यांचंच पुढचं सरावाचं विमान, 'किरण', मात्र ठिकठिकाणी चौथऱ्यावर उभं दिसतं. उन्हात आणि पावसात.

पैसा नेमका जातो कुठे?

"रंग मारला की झालं" असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही.

विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. ताकदीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं, आणि नेमकं त्यामुळेच तो गंजाला हळवा होतो. हा गंज लोखंडासारखा तांबडा दिसत नाही. पांढरी भुकटी पडते, बारीक खड्डे पडतात, कधी पत्र्याचे पापुद्रे सुटतात. रंगाखाली हे सगळं शांतपणे चालू राहतं. वरून नवा रंग मारला तर रोग झाकला जातो, बरा होत नाही. त्यात विमान उघड्यावर असेल तर पंखांच्या पोकळीत पावसाचं पाणी साचतं, पक्षी घरटी करतात आणि त्यांच्या विष्ठेने पत्रा आणखी खातो. विदर्भातला मे महिना तर तुम्हाला सांगायला नको. ४५ अंशांत टायर तडकतात आणि कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण धुरकट होतं. गोव्यात वास्कोच्या नौदल विमान संग्रहालयात बरीच विमानं उघड्यावर आहेत, तिथे वर समुद्राची खारी हवा.

त्याहून जुन्या टायगर मॉथसारख्या विमानाची गोष्ट आणखी वेगळी. पंखांत लाकूड, त्यावर ताणलेलं कापड. तिथे वाळवी, ओल आणि सुटलेला सरस यांच्याशी गाठ. कापड दर काही वर्षांनी बदलावंच लागतं.

आता सगळ्यात महाग प्रश्न: विमान उभं ठेवायचं की उडवायचं? उभं ठेवायचं तर गंज थांबवणं, हरवलेले भाग बसवणं आणि डोक्यावर छप्पर एवढ्यात भागतं. उडवायचं तर प्रत्येक रिव्हेट संशयित. इंजिनाचे भाग मिळत नाहीत, ते नव्याने घडवावे लागतात. तपासणी, प्रमाणपत्र, विमा, वैमानिक, मेकॅनिक हा खर्च कधी संपतच नाही. शिवाय इतकं काही बदलल्यावर मूळ विमान उरतं किती, हा वाद असतोच. माझं मत विचाराल तर सरावाची बहुतेक विमानं उभीच ठेवावीत, पण नीट ठेवावीत.

वर्गणीचा आपला अनुभव

वर्गणी काढण्यात मराठी माणूस मागे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला, लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा, एवढीच मागणी. १९६२ च्या युद्धात संरक्षण निधीला बायकांनी अंगावरचे दागिने दिले. पुण्यात दक्षिण मुख्यालयाचं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. तिथे कारगिल युद्धातलं मिग-२३ आहे. लढाऊ विमान, बरं का.

उलटा अनुभवही आहे. १९७१ च्या युद्धातली 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली. तिचं कायमचं संग्रहालय करायचं घोळत राहिलं, खर्च झेपणार नाही असं सरकारने सांगितलं आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलावात गेलेली ती युद्धनौका दारूखान्यात तोडली गेली. म्हणजे नाव मोठं असलं की पुरतं असं नाही.

वायुसेनेकडे आज उडतं डकोटा आहे ते एका माणसामुळे. राजीव चंद्रशेखर यांनी आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं हे विमान २०११ मध्ये विकत घेतलं, स्वखर्चाने दुरुस्त करून घेतलं. सरकारने आधी भेट नाकारली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारली गेली आणि २०१८ मध्ये विमान भारतात आलं. चंद्रशेखर यांचे वडील वायुसेनेत डकोटा चालवायचे, हे त्यामागचं कारण. पण प्रत्येक विमानाला असा मुलगा मिळत नाही.

मग कुठली पद्धत चालते? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्पिटफायरसाठी निधी गोळा झाला तेव्हा एका विमानाची किंमत ५,००० पौंड ठरवली होती. शाळकरी पोरगं एवढे कुठून देणार? म्हणून भागांची यादी छापली: एक रिव्हेट सहा पेन्स, पंख २,००० पौंड. सहा पेन्स देणारालाही 'माझा रिव्हेट' म्हणता आलं. हाच आपला पैसा फंड! विमान दुरुस्तीच्या निधीलाही हे लागू पडतं. "पन्नास लाख हवेत" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि निघून जातात. "हे एक चाक, ही एक खिडकी, हे छपराचे चार पत्रे" म्हटलं की खिशात हात जातो. आणि काम झाल्यावर त्या चाकाचा फोटो, हिशोबासकट, देणाऱ्याला दिसला पाहिजे. गणपतीच्या वर्गणीचा जमाखर्च आपण मंडपाबाहेर लावतोच की.

पण त्याआधी गोष्ट बदलावी लागेल. सरावाच्या विमानासाठी "याने शत्रूची किती विमानं पाडली" हे सांगता येणार नाही. "याच्यात बसून किती जण शिकले" हे सांगावं लागेल. शाळा पडायला आली तर तिचे माजी विद्यार्थी धावून येतात. सरावाचं विमान ही एक शाळाच आहे, आणि तिचे माजी विद्यार्थी आज सत्तरीत आणि ऐंशीत आहेत. हातात वेळ थोडा आहे.

म्हणून तुम्हाला दोन कामं सांगतो, दोन्ही बिनपैशाची. तुमच्या गावात, शहरात, कॉलेजच्या आवारात एखादं विमान चौथऱ्यावर असेल तर जवळ जाऊन बघा. पंखाखाली पांढरी भुकटी आहे का, पोटातून पाणी निघायची भोकं बुजलीत का, देखभाल कुणाकडे आहे, आणि हे त्या कार्यालयाला लेखी विचारा. दुसरं, घरात किंवा शेजारी वायुसेनेतून निवृत्त झालेले कुणी आजोबा असतील, वैमानिक असोत की मेकॅनिक, तर त्यांचे फोटो, उड्डाणाच्या नोंदवह्या, हत्यारांच्या पेटीवरची चिठ्ठीसुद्धा रद्दीत जाऊ देऊ नका. मोडलेला पंख पैशाने पुन्हा बनवता येतो. तो मूळचा कसा होता, हे सांगणारा कागद गेला की पैसे असूनही काही करता येत नाही.