नकाशा ताणा, पण घडी पडू देऊ नका

मागच्या लेखात आपण क्रिगिंग पाहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी क्रिग यांनी १९५१मध्ये केलेलं काम, आणि पुढे फ्रान्सच्या माथेरॉन यांनी त्याला दिलेलं गणिती रूप. त्यात सहसा एक सोयीचं गृहीतक असतं: दोन ठिकाणच्या मोजमापांमधलं नातं त्यांच्यातल्या अंतरावर ठरतं, ती ठिकाणं नकाशावर नेमकी कुठे आहेत यावर नाही. याला म्हणतात स्थिरता.

आता तुम्हीच सांगा, डोंगराळ मुलखात हे कसं चालणार? सपाटीवरचे दहा किलोमीटर आणि मध्ये डोंगर आडवा आलेले दहा किलोमीटर सारखे कसे?

१९९२मध्ये सॅम्पसन आणि गुटॉर्प यांनी यावर भन्नाट तोडगा काढला. त्यांच्यापुढे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सौर किरणोत्सर्गाच्या नोंदी होत्या. किनारा आणि डोंगर तिथे अगदी शेजारी शेजारी. त्यांनी सूत्र तसंच ठेवलं आणि नकाशाच बदलला! ज्या केंद्रांच्या नोंदी एकत्र वरखाली होतात ती जवळ आणायची, ज्यांचं जमत नाही ती लांब सारायची. मग मधली जमीन रबरी चादरीसारखी ताणून बसवायची. या नव्या नकाशावर अंतराचा जुना नियम पुन्हा लागू होतो.

पण रबर फार ओढलं की घडी पडते. घडीत दोन वेगळ्या जागा एकाच बिंदूवर येतात, आणि मॉडेल बिनधास्त सांगतं की त्या दोन्हीकडे सगळं अगदी सारखंच आहे. शिवाय केंद्रं मोजकी असताना हा नकाशा तरी कितपत खरा?

म्हणून २००१मध्ये डेमियन, सॅम्पसन व गुटॉर्प यांनी, आणि २००३मध्ये श्मिट व ओ'हेगन यांनी बेझियन वाट धरली: नकाशाच अनिश्चित माना आणि ती अनिश्चितता अंदाजात उतरू द्या. अलीकडे झॅमिट-मॅन्जिअन आणि सहकाऱ्यांनी घडी न पाडणारी छोटी छोटी रूपांतरं एकावर एक रचली. एकातही घडी नाही, म्हणजे सगळ्यांची मिळूनही नाही.

हे सगळं आज का आठवलं? गेल्या महिन्यात माझ्याच नकाशाला घडी पडली. अंदाजाचं चित्र इतकं गुळगुळीत होतं की मी खूश होऊन गाईडना पाठवणारच होते. सहज म्हणून जाळीच्या रेघा काढल्या, तर त्या एकमेकींना ओलांडत होत्या. तेव्हा तुम्हीही निकाल बघण्याआधी जाळी काढून बघा.