मुन्फरिजा म्हणजे विशालकोन

माझी भाची चौथीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली आणि पाचवीला पुण्यातल्याच एका मराठी शाळेत आली. पहिल्या चाचणीत 120 अंशांच्या कोनाखाली तिनं देवनागरीत लिहिलं, 'मुन्फरिजा'. गुण मिळाला शून्य. घरी आल्यावर विचारते, "मामू, आपला शब्द खोटा आहे का?"

खोटा नाही. मराठीत 90 अंशांचा तो काटकोन, त्याहून लहान तो लघुकोन, 90 ते 180 च्या मधला विशालकोन. 180 ला सरळकोन, त्यापुढे प्रविशालकोन. उर्दूत पहिल्या तिघांची नावं काइमा, हाद्दा आणि मुन्फरिजा. ही नावं अरबीतून आली. काइमा म्हणजे उभा, हाद्दा म्हणजे धारदार, मुन्फरिजा म्हणजे फाकलेला. मराठीनं लघु-विशाल ही नावं मापावरून ठेवली, अरबीनं रूपावरून.

दोन्हींच्या मागे युक्लिड आहे. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास त्यानं ग्रीकमध्ये लघुकोनाला 'धारदार' आणि विशालकोनाला 'बोथट' म्हटलं. व्याख्येत अंश नव्हतेच. काटकोनाहून मोठा की लहान, एवढंच. अरबी अनुवादकांनी 'धारदार' ठेवला, 'बोथट'च्या जागी 'फाकलेला' आणला.

पण त्यांनी केवळ अनुवाद केला नाही. उमर खय्याम आणि तेराव्या शतकातले नसीरुद्दीन तूसी यांनी युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकाला हात घातला. एका रेषेवर दोन सारख्या उंचीचे लंब उभे करा, वरची टोकं जोडा. वरचे दोन कोन काटकोनच असतील, की लघुकोन, की विशालकोन? लघु आणि विशाल हे दोन्ही पर्याय खोडून काढायचा त्यांनी प्रयत्न केला. सतराशे तेहतीस साली इटलीत साकेरीनं हेच तीन पर्याय पुन्हा मांडले. पुढे कळलं की पृथ्वीसारख्या गोलावर विशालकोनाचा पर्यायच खरा ठरतो. विषुववृत्तावरून निघालेली, एकमेकींपासून 120 अंशांवरची दोन रेखावृत्तं ध्रुवावर भेटतात, तेव्हा त्या त्रिकोणाचे कोन 90, 90 आणि 120. बेरीज 300!

तूसींनी युक्लिडच्या ग्रंथाची जी अरबी आवृत्ती सिद्ध केली, ती आपल्याकडच्या मदरशांत शिकवली जाई. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या आश्रयाला असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी तिच्यावरूनच 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ रचला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुंबई संस्कृत मालेत छापला गेला. एका ब्राह्मण पंडितानं अरबी शिकून हे केलं आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की तुझी मराठी आणि उर्दू, दोन्ही गणिताची पुस्तकं पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत तयार होतात. तिनं दोन्ही उघडून शेजारी ठेवली. कोन तोच होता. नावं दोन.

"मग मला शून्य का?"

पेपर मराठीचा होता, हे उत्तर माझ्याकडे होतं. पण शिक्षकांनी तिला एकदा विचारायला हवं होतं, की बाळ, याचा अर्थ काय?

आता तिच्या वहीत विशालकोन लिहिलेला आहे. कंसात, बारीक अक्षरात, मुन्फरिजा.