बास्केटबॉल : आक्रमणाची व्यूहरचना कशी ठरते?

अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक लीगमधल्या डेन्व्हर नगेट्स संघाने १९९० मध्ये पॉल वेस्टहेड यांना प्रशिक्षक म्हणून पाचारण केले. त्याच्या आदल्याच मोसमात वेस्टहेड यांच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संघाने सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण नोंदवून महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये विक्रम केला होता. त्यांची पद्धत सांगायला सोपी होती. चेंडू हाती येताच पाचही खेळाडूंनी धावत सुटायचे, प्रतिस्पर्धी बचावाची मांडणी करण्यापूर्वीच पहिल्या काही सेकंदांत शॉट घ्यायचा आणि चेंडू गमावल्यावरही पूर्ण मैदानभर दबाव ठेवून सामन्याचा वेग कमी होऊ द्यायचा नाही. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत पाहुण्या संघांचा दम लवकर उखडेल, हाही हिशेब त्यामागे होता.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. नगेट्सनी त्या मोसमात सामन्यामागे ११९.९ गुण केले आणि १३०.८ गुण दिले. ८२ पैकी अवघे २० सामने त्यांना जिंकता आले. १० नोव्हेंबर १९९० रोजी फिनिक्स सन्सने त्यांच्याविरुद्ध मध्यंतरापर्यंतच १०७ गुण केले. तो सामना १७३-१४३ असा संपला. महाविद्यालयीन पातळीवर प्रतिस्पर्ध्यांना न झेपलेला वेग व्यावसायिक खेळाडूंना मात्र चांगलाच मानवला. दबाव मोडून पुढे आलेल्या अशा खेळाडूला समोर बास्केट मोकळी मिळाली, की तो ती सहसा चुकवत नाही. प्रशिक्षक तेच होते, पद्धतही तीच होती. संघ आणि प्रतिस्पर्धी तेवढे बदलले होते.

आक्रमणाची व्यूहरचना निवडताना प्रशिक्षकापुढे असतो तो हाच पेच. कागदावरची रचना कितीही देखणी असली, तरी ती कोणाकडून खेळून घ्यायची, कोणाविरुद्ध आणि कोणत्या नियमांत, हे आधी ठरवावे लागते.

किती वेळा चेंडू हाती घ्यायचा?

पहिला प्रश्न वेगाचा. सामन्यात दोन्ही संघांकडे चेंडूचा ताबा आलटून पालटून येतो; त्यामुळे ताब्यांची संख्या दोघांचीही जवळपास सारखीच राहते. वेगाने खेळले की ती वाढते, संथ खेळले की घटते. मात्र हवे तेवढे संथ खेळण्याची मुभा आता नाही. एनबीएमध्ये १९५४ साली शॉट क्लॉक आले. सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांचा हिशेब साधा होता. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० शॉट घेतात आणि सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा असतो. भागाकार केला की उत्तर येते २४ सेकंद. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिबा’ने, आधी ३० सेकंदांची मर्यादा ठेवली होती, २००० मध्ये तीही २४ वर आणली.

या मर्यादेतही प्रशिक्षकाला निवडीला वाव असतो. ताबे जितके अधिक, तितका सरस संघाचा सरसपणा निकालात उतरण्याचा संभव अधिक. ताबे कमी असतील तर दुबळ्या संघाला नशिबाची साथ मिळण्याची शक्यता वाढते. क्रिकेटच्या चाहत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कसोटीत पाच दिवस टिकाव धरू न शकणारा संघ वीस षटकांच्या सामन्यात मोठ्या संघाला धक्का देऊन जातो, त्यातलाच हा प्रकार.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे पीट कॅरिल यांनी १९६७ ते १९९६ अशी २९ वर्षे याच तत्त्वावर संघ बांधले. त्यांच्या विद्यापीठात खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. त्यामुळे उंचपुरे, चपळ, नावाजलेले खेळाडू त्यांच्या वाट्याला क्वचितच येत. जे येत त्यांना चेंडू अचूक पास करता यावा, लांबून शॉट मारता यावा आणि समोरच्याचे पाऊल वाचता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या रचनेत सेंटर बास्केटखाली ठाण मांडत नाही. तो फ्री थ्रो रेषेपाशी येऊन पास देणारा होतो. बाकीचे चौघे दूरवर पसरतात. त्यांना रोखायला बचावपटू पुढे सरसावला, की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धाव घ्यायची. या ‘बॅकडोअर कट’ने मोठमोठ्या संघांना घाम फोडला. १४ मार्च १९९६ रोजी इंडियानापोलिस येथे प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलए विद्यापीठाला ४३-४१ असे हरवले, तेही सामना संपायला चार सेकंद उरले असताना केलेल्या अशाच एका बॅकडोअर बास्केटवर. पुढच्याच फेरीत प्रिन्स्टन पराभूत झाला. त्याचे नवल नाही. संथ खेळाने धक्का देण्याची शक्यता वाढते, विजयाची हमी मिळत नाही.

कॅरिल पुढे सॅक्रामेंटो किंग्ज या व्यावसायिक संघात सहायक प्रशिक्षक झाले. तेथे व्लादे दिवाच आणि ख्रिस वेबर हे उत्तम पास देणारे दोन उंच खेळाडू होते. त्यांच्या हाती हीच रचना वेगवान झाली आणि किंग्ज लीगमधील सर्वाधिक गुण करणाऱ्या संघांत गणले जाऊ लागले. ‘प्रिन्स्टन पद्धत म्हणजे संथ खेळ’ हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरते. रचना आणि वेग या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

त्रिकोणाचा उदय आणि अस्त

एखाद्या रचनेचे यश कशावर अवलंबून असते, याचा सर्वांत बोलका दाखला ‘ट्रँगल ऑफेन्स’ या त्रिकोणी आक्रमणाने दिला आहे. तिचे मूळ दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक सॅम बॅरी यांच्याकडे जाते. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या टेक्स विंटर यांनी ती विकसित करून १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. तिघे खेळाडू मैदानाच्या एका बाजूला उभे राहतात: एक कोपऱ्यात, एक त्याच्या वरच्या अंगाला बाजूरेषेजवळ, एक बास्केटलगत. उरलेले दोघे दुसऱ्या बाजू सांभाळतात. खेळाडूंमध्ये साडेचार-पाच मीटरचे अंतर राखायचे, म्हणजे एका बचावपटूला दोघांवर लक्ष ठेवता येत नाही. यापुढे ठरलेली चाल अशी नसते. बचाव ज्या पासला अडवील त्याच्या उलट पास करायचा, आणि प्रत्येक पासनंतर पाचही जणांनी आपली जागा त्यानुसार बदलायची. थोडक्यात, निर्णय बाकावर बसलेला प्रशिक्षक घेत नाही. मैदानातले पाच जण एकाच वेळी, एकाच रीतीने बचाव वाचतात, असे त्यात गृहीत धरलेले असते.

विंटर १९८५ मध्ये शिकागो बुल्समध्ये सहायक म्हणून आले, पण त्यांची रचना प्रत्यक्षात उतरली ती १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाल्यावर. मायकेल जॉर्डनला ती प्रारंभी रुचली नव्हती. आदल्या मोसमात सामन्यामागे ३२.५ गुण करणाऱ्या खेळाडूला ‘चेंडू सोड आणि जागेवर जा’ असे सांगायचे, म्हणजे धाडसच. परंतु जॉर्डन एकटा कितीही खेळला तरी डेट्रॉइट पिस्टन्स त्याच्याभोवती दोन-तीन बचावपटूंचे कडे करून बुल्सना रोखत होते. १९८८, १९८९ आणि १९९० असे सलग तीन वर्षे बुल्स त्यांच्याकडूनच पराभूत झाले. १९९१ मध्ये बुल्सनी पिस्टन्सना ४-० असे नमवले आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या पाचव्या, निर्णायक ठरलेल्या सामन्यात जॉर्डनवर बचाव एकवटलेला असताना मोकळ्या राहिलेल्या जॉन पॅक्सनने २० गुण केले. बुल्सनी १९९८ पर्यंत सहा विजेतेपदे मिळवली. पुढे जॅक्सन यांनी हीच रचना लेकर्समध्ये राबवून आणखी पाच विजेतेपदे पटकावली.

एवढ्या यशानंतर ही रचना सर्वत्र पसरायला हवी होती. तसे झाले नाही. १९९८ मध्ये जॉर्डन, स्कॉटी पिपेन आणि जॅक्सन बाहेर पडले; त्रिकोण मात्र शिकागोतच राहिला. पुढच्या, टाळेबंदीमुळे छोट्या झालेल्या मोसमात बुल्सनी १३ सामने जिंकले आणि ३७ गमावले. १० एप्रिल १९९९ रोजी मायामी हीटविरुद्ध त्यांना संपूर्ण सामन्यात केवळ ४९ गुण करता आले. शॉट क्लॉक आल्यापासूनचा हा नीचांक आहे. २०१४ मध्ये जॅक्सन न्यूयॉर्क निक्सचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी तेथेही त्रिकोणाचा आग्रह धरला. २०१४-१५ च्या मोसमात निक्सनी १७ विजयांसमोर ६५ पराभव पाहिले. २०१७ मध्ये जॅक्सन पायउतार झाले.

येथे दोष रचनेचा म्हणावा की खेळाडूंचा? दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. त्रिकोण शिकायला वेळ लागतो, आणि दरवर्षी निम्मा संघ बदलत असेल तर तो वेळ कधीच मिळत नाही. शिवाय त्रिकोणातून हमखास मिळतो तो मध्यम अंतराचा शॉट, आणि नेमके त्याचेच मोल दरम्यानच्या काळात घसरले होते.

शॉटचे गणित

हे मोल समजायला साधा गुणाकार पुरतो. दोन गुणांचा शॉट निम्म्या वेळा जाणारा खेळाडू दर प्रयत्नामागे १ गुण मिळवतो. मध्यम अंतरावरून दहापैकी चारच शॉट जात असतील तर हाती ०.८ गुण येतो. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरात ३४ शॉट गेले, तरी हिशेब १.०२ वर जातो. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली. तिचे गणित बहुतेक संघांच्या पचनी पडायला तीन दशके लागली.

२००४-०५ मध्ये माइक डँटोनी यांनी फिनिक्स सन्समध्ये हा मार्ग धरला. स्टीव्ह नॅशसारखा पॉइंट गार्ड, पिक अँड रोलमध्ये झेपावणारा आमारे स्टॉडमायर आणि कोपऱ्यांत उभे असलेले शॉट मारणारे खेळाडू, अशी त्यांची मांडणी होती. पिक अँड रोलमध्ये एक जण चेंडूधारकाच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो आणि चेंडूधारक पुढे सरकताच स्वतः बास्केटकडे वळतो. दोन बचावपटूंना क्षणात ठरवावे लागते, कोणी कोणाला धरायचे. आदल्या मोसमात २९ सामने जिंकलेला संघ ६२ विजयांपर्यंत पोहोचला. त्याला अंतिम विजेतेपद मात्र मिळाले नाही. डँटोनी पुढे ह्यूस्टन रॉकेट्सचे प्रशिक्षक झाले. २०१८ च्या उपांत्य लढतीत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध सातव्या सामन्यात त्यांच्या संघाचे तीन गुणांचे २७ शॉट लागोपाठ चुकले. मोसमभराच्या सरासरीवर बेतलेली रचना एका रात्री अशी दगाही देऊ शकते, आणि अशा वेळी प्रशिक्षकाजवळ दुसरी वाट असावी लागते.

दूरचित्रवाणीवर एनबीए पाहून त्याच चाली आपल्या संघाला शिकवण्याचा मोह शाळा-महाविद्यालयांतील प्रशिक्षकांना होतो. तेथे नियमांतील फरक आड येतो. एनबीएमध्ये २००१ पासून बचावपटूला कोणालाही न अडवता बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक उभे राहता येत नाही. भारतातील स्पर्धांत लागू असलेल्या फिबाच्या नियमांत अशी बंदी नाही. उंच बचावपटू तेथे खुशाल उभा राहतो आणि घुसू पाहणाऱ्या चेंडूधारकाची वाट बंद करतो. लांबून शॉट मारणारे दोन-तीन खेळाडू नसतील, तर त्याला तेथून हलवायचे कसे? झोन बचावापुढे निव्वळ पिक अँड रोलवर विसंबलेला संघ बहुधा इथेच अडतो. फ्री थ्रो रेषेजवळच्या मोकळ्या जागेत पास झेलणारा एक खेळाडू आणि एका बाजूला बचावापेक्षा एक माणूस जास्त, एवढी साधी मांडणी त्यापेक्षा अधिक कामी येते.

सरावाच्या वेळेचाही विचार हवा. आठवड्यात चार-पाच तास मिळणाऱ्या संघाला वीस ठरीव चाली पाठ करून घेण्यात अर्थ नाही; बचाव थोडा बदलला की पाठांतर कोलमडते. त्याऐवजी पास दिल्यावर बास्केटकडे धाव घे, रिकाम्या झालेल्या जागी शेजाऱ्याने ये, चेंडू धरून उभा राहू नकोस, असे तीन-चार दंडक मुलांच्या अंगवळणी पडले, तर पाच सामान्य खेळाडूंचेही आक्रमण वाहते राहते. चेंडू उत्तम हाताळणारा एकच खेळाडू असेल तर मात्र वेग आवरावा लागतो, नाहीतर शेवटच्या टप्प्यात थकतो तो नेमका तोच.

वेस्टहेड यांनी मात्र आपली पद्धत सोडली नाही. डेन्व्हरनंतर त्यांनी ठिकठिकाणी काम केले आणि अखेर महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएमध्ये, फिनिक्स मर्क्युरी संघ हाती घेतला. तेथे डायना टॉरासी, कॅपी पॉन्डेक्सटर आणि पेनी टेलर अशा धावता धावता गुण करू शकणाऱ्या तिघी होत्या. २००७ च्या अंतिम फेरीतील पाचवा सामना प्रतिस्पर्धी डेट्रॉइट शॉक संघाच्या मैदानावर झाला. मर्क्युरीने तो १०८-९२ असा जिंकून विजेतेपद मिळवले.