धावपट्टी दिसली का? : खासगी विमानं, छोटे विमानतळ आणि देखरेखीचा इतिहास

आपल्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. मोठा नेता यायचा असला की विमान नांदेडला उतरतं, पुढे हेलिकॉप्टर नाहीतर गाडी. मग विमान उतरण्याच्या सुरक्षेशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो आपण नीट पाहू.

२८ जानेवारी २०२६ ची सकाळ सगळ्यांना आठवते. मुंबईहून निघालेलं लिअरजेट ४५ जातीचं छोटं विमान बारामतीच्या धावपट्टीजवळ कोसळलं. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातले पाचही जण गेले. ते जिल्हा परिषद निवडणुकीच्या सभांसाठी निघाले होते. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर गेलं आणि दुसऱ्या प्रयत्नात घात झाला. दृश्यमानता सुमारे तीन किलोमीटर सांगितली गेली होती. डोळ्यांच्या भरवशावर उतरायचं तर साधारण पाच किलोमीटरचा निकष असतो. कारणाचा निवाडा आपण इथे करणार नाही, ते चौकशीचं काम. पण प्रश्न जुनाच आहे.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी याच जातीचं विमान मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीच्या बाजूला आदळलं. दृश्यमानता होती सातशे मीटर. आतले आठही जण वाचले. मुंबईत नियंत्रण मनोरा होता, उपकरणांची मदत होती, अग्निशमन दल लगेच पोचलं. बारामतीत पूर्ण वेळ हवाई नियंत्रण नव्हतं. वाहतुकीची माहिती तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांची माणसं देत होती. धुक्यात धावपट्टीपर्यंत नेणारी आयएलएस यंत्रणाही नव्हती.

आता थोडं मागे जाऊ. २००९ मध्ये बारामती, नांदेड, लातूर, यवतमाळ आणि धाराशिव ही विमानतळं राज्यानं भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडे दिली. हेतू विकासाचा होता. पण नियमित प्रवासी विमानं नसली की तिकिटाचं उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नसलं की मनोरा, हवामान केंद्र, उपकरणं यांवर खर्च कोण करणार? राहतात ती शिकाऊ वैमानिकांची विमानं आणि पुढाऱ्यांची चार्टर विमानं.

कायद्याची गोष्टही अशीच हळूहळू पुढे सरकली. १९३४ चा विमान कायदा जवळजवळ नव्वद वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम आला. डीजीसीएला कायद्यातलं स्थान मिळालं ते २०२० च्या दुरुस्तीनं. अपघातांच्या तपासासाठी एएआयबी हा वेगळा विभाग झाला २०१२ मध्ये. त्याआधी परवाना देणारी आणि अपघात तपासणारी संस्था एकच होती. आजही डीजीसीए आणि एएआयबी दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत. अमेरिकेनं आपली तपास संस्था १९७५ मध्येच वाहतूक खात्यातून पूर्ण वेगळी काढली. तिथे खात्याचं स्वतःचं काही चुकलं तर ते सांगायला बाहेरचं कुणी असतं.

वैमानिकांचा एक साधा दंडक आहे. ढगांत असाल तर हजार फुटांवर, स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमानाचा वेग, दिशा आणि उतार ठरल्याप्रमाणे स्थिर हवा. नसेल तर उतरायचं नाही, वर जायचं. नियम कागदावर सोपा आहे. पण विमानात बसलेली व्यक्ती आणि खाली तिची वाट पाहणारी सभा, दोन्ही मोठी असली की ‘नाही’ म्हणणं अवघड होतं. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. हवा खराब होती आणि त्यांचं छोटं विमान मैनपुरीजवळ कोसळलं. त्या प्रत्येक प्रवासात दबाव होताच, असं आपण म्हणत नाही. पण व्यवस्था अशी हवी की दबाव आलाच तरी तो वैमानिकाच्या एकट्याच्या खांद्यावर पडू नये.

म्हणून मागणी तीन गोष्टींची करायची. जिथे चार्टर विमानं उतरतात तिथे हवामानाची प्रशिक्षित नोंद हवी. ठरलेल्या मर्यादेखाली हवा गेली की धावपट्टी बंद करण्याचा अधिकार जमिनीवरच्या कुणाकडे तरी हवा. आणि तपास करणारे परवाना देणाऱ्यांपासून खरोखर वेगळे हवेत.

चौथी गोष्ट मात्र सरकारची नाही, आपली आहे. औंढ्याला, वसमतला, कळमनुरीला सभा असते, साहेब दोन तास उशिरा येतात आणि मंडपात कुरकुर सुरू होते. हवेमुळे सभा रद्द झाली, हे वाक्य शांतपणे ऐकून घरी जाणारे लोक हासुद्धा विमान सुरक्षेचा भाग आहे.